गिऱ्हाईक कोणाच्या वहीत?

"ई-मेल कोन वाचते जी?" नागपुरात सीताबर्डीवर, गांधीबागेत किंवा धरमपेठेत एखाद्या दुकानदाराला गिऱ्हाइकांचे ई-मेल पत्ते जमवायला सांगून पाहा; उत्तर बहुधा हेच येईल. हे उत्तर निव्वळ आळसातून येत नाही. त्यामागे रीतसर युक्तिवाद आहे, तेव्हा तो आधी त्याच्याच बाजूने मांडू.

पूर्वपक्ष म्हणतो, इथल्या किती तरी गिऱ्हाइकांनी स्वतःचा जीमेल पत्ता स्वतः काढलेलाच नाही. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरसाठी गूगलचे खाते लागते, म्हणून मोबाइलच्या दुकानातल्या पोराने नाव, जन्मसाल आणि चार आकडे जोडून ते तिथल्या तिथे उघडून दिले. पासवर्ड त्या पोराला ठाऊक, मालकाला नाही. त्या खात्यात बँकेची स्टेटमेंटे आणि विम्याची स्मरणपत्रे न उघडता पडून राहतात. व्हॉट्सअ‍ॅप मात्र सकाळच्या चहाआधी उघडते. इन्स्टाग्रामवर साडीचा फोटो टाकला की दहा मिनिटांत "किंमत?" असा प्रश्न येतो. मग ई-मेलची उठाठेव करायची कशाला?

यातले अर्धे खरे आहे. तर्री पोह्याच्या ठेल्याला ई-मेलची यादी लागत नाही. तिथले गिऱ्हाईक वासावर येते. किराणा, दूध, केस कापायचे दुकान यांनाही ती लागत नाही. पण "माझ्या पुष्कळ गिऱ्हाइकांपर्यंत ई-मेल पोचत नाही" यावरून "एकाही कामाच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही" असा निष्कर्ष निघत नाही. पूर्वपक्षाचा पाय पहिल्यांदा घसरतो तो इथे.

संत्र्यांचेच घ्या. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वर्षात त्याचे बहार दोन: दिवाळीच्या आगेमागे येणारा आंबिया आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा मृग. या फळाचे सर्वांत हळवे गिऱ्हाईक नागपुरात राहतच नाही. ते हिंजवडीत असते, बंगळुरूत असते; आईवडील त्रिमूर्तीनगरात आणि स्वतः दिवसभर ऑफिसच्या संगणकापुढे, मेल उघडा ठेवून. त्याला वर्षातून दोनदा एवढेच कळायला हवे असते की काटोल-नरखेडकडचा माल उतरायला लागला, पेटी अमुक दिवशी निघेल. संत्रा बर्फी, भिवापुरी मिरची, सावजी मसाला, उन्हाळी वाळवणे करणारा बचत गट, इतवारीतला हातमागाच्या साड्यांचा व्यापारी, सगळ्यांची हीच गोष्ट. या सगळ्यांचे गिऱ्हाईक रोज समोर उभे नसते. ते लांब असते, क्वचित येते, पण आले की भरून घेते.

दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलांचा विचार तर कोणी करतच नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी महाराष्ट्रभरातून आणि बाहेरूनही लोक येतात, आणि पिशव्या भरभरून पुस्तके घेऊन जातात. लहान प्रकाशकासाठी हे वर्षातले सर्वांत मोठे दिवस. वाचक समोर येतो, पैसे देतो, आपल्या गावच्या गाडीत बसतो आणि पुढचे वर्षभर बेपत्ता होतो. नवे पुस्तक निघाले हे त्याला कोण सांगणार? त्या गर्दीतल्या शिक्षकाला, बँकेतल्या कारकुनाला, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलीला मेल वाचता येत नाही, असे म्हणणाऱ्याने तो मेळा डोळे उघडून पाहिलेला नाही.

आता व्हॉट्सअ‍ॅप. "माझ्याकडे दोन हजार नंबर आहेत" असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी ब्रॉडकास्ट यादीचा नियम पाहावा. एका यादीत २५६ नंबरच बसतात, आणि निरोप पोचतो तो ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच. बाकीच्यांना तुम्ही पाठवता आणि समाधान मानता. ग्रुप काढला तर तिसऱ्या दिवशी तिथे सुप्रभात आणि राजकारण सुरू होते. फेसबुक पानाची कथाही वेगळी नाही. आवडले म्हणून अंगठा दाबणाऱ्या दहा हजारांपैकी तुमची पोस्ट किती जणांना दाखवायची हे फेसबुक ठरवते. जास्त जणांना दाखवायची तर पैसे मोजा. गाळा भाड्याचा असतो हे व्यापाऱ्याला कळते, पण या गाळ्यात गिऱ्हाईकही घरमालकाचेच असते हे त्याच्या लक्षात येत नाही.

घरमालक बदलतो, तेव्हा काय होते तेही आपण पाहिले आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतल्या पोरापोरींनी जमवलेले लाखोंचे चाहते एका आदेशाने हातचे गेले. सरकारचा निर्णय बरोबर की चूक, हा इथे मुद्दा नाही. ज्यांनी आपले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या वहीत लिहिले होते त्यांच्या हाती काय उरले, हा आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडले ते सुमारे सहा तास. घटस्थापना तीन दिवसांवर होती.

"पण जीमेल तरी कोणाचे? तेही गूगलचेच ना?" हा आक्षेप चांगला आहे, त्याला टाळून चालणार नाही. गूगल तुमचे पत्र 'प्रमोशन्स'च्या कप्प्यात ढकलू शकते, स्पॅममध्ये टाकू शकते. पण ई-मेल ही एका कंपनीची मालमत्ता नाही. ज्या ठरावीक पद्धतीने मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाते, ती १९८२ पासून सर्वांना खुली आहे. आज एका कंपनीमार्फत पत्रे पाठवा, उद्या तिने दर वाढवले की पत्त्यांची फाइल उचला आणि दुसरीकडे जा. इन्स्टाग्रामचे अनुयायी असे उचलून नेऊन दाखवा.

एवढ्यावर पूर्वपक्ष शरण येतो, पण बहुधा भलत्याच दिशेने. "ठीक आहे, मग यादी विकतच घेऊ!" 'विदर्भातील पन्नास हजार व्यावसायिकांचे पत्ते, अगदी स्वस्तात' असे सांगणारे दलाल हजर असतातच. मला पहिल्या आक्षेपकापेक्षा हा माणूस जास्त घातक वाटतो. पहिला निदान कोणाला त्रास देत नाही. न विचारता ढिगाने जाहिरात पाठवण्याची युक्ती नवी नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना आपल्या संगणकाची जाहिरात धाडली. लोक संतापले, पण थोडी विक्रीही झाली, आणि हाच मोह आजतागायत चालू आहे.

आता मात्र त्याची किंमत थेट मोजावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले. जीमेलला दिवसाला पाच हजारांवर पत्रे पाठवणाऱ्याला आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी लागते आणि एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय द्यावी लागते. 'स्पॅम' म्हणून येणाऱ्या तक्रारी हजारात तीनच्या खाली ठेवण्याचे बंधन तर लहान पाठवणाऱ्यालाही आहे. विकतच्या यादीतले लोक तुम्हाला ओळखत नाहीत. ते पहिल्याच पत्राला तो शिक्का मारतात. मग ज्याने आपणहून पत्ता दिला होता त्याच्याकडे जाणारे तुमचे पत्रही स्पॅममध्ये पडू लागते. स्वस्तातल्या पन्नास हजारांपायी खरे तीनशे गमावले.

शिवाय कायदा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि समजून घेतलेली हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे हवे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे. म्हणजे मराठीतही. बिलाच्या काउंटरवर "मोबाइल नंबर सांगा" असा जो हुकूम सुटतो, त्याबद्दल ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच व्यापाऱ्यांना समज दिली होती की नंबर देण्याची सक्ती करू नका.

खंडन इथे संपले. मंडनासाठी परदेशी मार्केटिंगगुरूंकडे जायची गरज नाही. उदाहरण याच गावात आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर, जन्म रायपूरचा, डॉक्टरेट अमेरिकेतल्या कॉर्नेलची. त्यांनी १९१६ साली नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली. सरकारी आश्रय नाही, संस्थानिकाची थैली नाही, आणि विकायचा माल तर अजून लिहूनच व्हायचा होता. काम उभे राहिले ते भागधारकांच्या आणि ग्राहकांच्या जोरावर. विद्वानाने असे दुकान मांडावे का, अशी नाके मुरडणारे तेव्हाही होते. पण महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड निघाले. काम पुढे पुण्याला गेले, आणि केतकरांनी त्याचा सगळा खटाटोप 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात धंद्याच्या हिशेबासकट लिहून ठेवला. ज्ञानकोशाचा ग्राहक होणाऱ्याला आपण काय घेत आहोत आणि कोणाकडून, हे माहीत होते. यादी म्हणतात ती याला. पत्त्यांची संख्या नंतर मोजायची. आधी त्या माणसाने हो म्हटले आहे का ते पाहायचे.

म्हणून काउंटरवर एक साधी वही ठेवा, किंवा स्कॅन करायचा चौकोन लावा, आणि वर मराठीत लिहा: वर्षातून किती पत्रे येतील, कशाबद्दल येतील, नको झाले तर काय करायचे. पत्ता मिळाला की आधी खात्रीचे एक पत्र धाडा. त्याने होकार दिला तरच नाव पक्के. त्यामुळे गिचमिड अक्षरातले चुकीचे पत्ते आणि कोणी गमतीने दिलेले दुसऱ्याचे पत्ते आपोआप गळतात. पत्रात 'धमाका ऑफर' नको. यंदा पाऊस लांबला, फळ आंबटगोड आहे, पेटी आठवडाभर उशिरा निघेल, एवढे लिहिले तरी पुण्यातला नागपूरकर ते वाचतो आणि उत्तरही देतो. किती जणांनी पत्र उघडले या आकड्यावर फार विसंबू नका. २०२१ मध्ये अ‍ॅपलने आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची सोय आणल्यापासून तो आकडा फुगतो. ऑर्डरी मोजा, उत्तरे मोजा. वर्षभर ज्याच्याकडून काहीच हालचाल नाही, त्याला एकदा विचारून नाव काढून टाका.

राहता राहिला प्रत्येक दुकानदार विचारतो तो प्रश्न: "जुन्या बिलबुकात चारशे पत्ते पडले आहेत, ते टाकून देऊ का यादीत?" नाही. ते बिलासाठी दिले होते, पत्रासाठी नाही. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा रोज पाच-दहा जणांना फोन करा आणि विचारा. निम्मे नको म्हणतील, काही फोन उचलणार नाहीत. जे हो म्हणतील तेवढेच लिहून घ्या, आणि त्यांना पहिले पत्र आंबिया बहाराच्या आधी पोचेल असे पाहा.