सुचवणारा हात, निवडणारे मन

वाचकहो, स्वयंपाकघरातील एक नित्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. कढईत तेल तापले आहे, मोहरी तडतडली आहे आणि आई मागे न वळताच हात पुढे करते. शेजारी उभी असलेली मुलगी मिसळणाच्या डब्यातून नेमका हिंग काढून देते. तिला कोणी काही सांगितलेले नसते. मोहरीमागून काय येते, हे तिने शेकडो वेळा पाहिलेले असते. त्याऐवजी फळीवरील सगळ्या डब्यांची नावे ती अकारविल्हे वाचू लागली असती, तर फोडणी खचितच करपली असती!

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पुष्कळ वर्षे असाच नावे वाचणारा मदतनीस लाभला होता. आपल्यापैकी अनेकांची मुलेमुली आज पुण्यात, बंगळुरूत वा हैदराबादेत हे काम करीत आहेत. लिहिता लिहिता पडद्यावर एक लहानशी चौकट उघडते आणि पुढे कोणकोणती नावे येऊ शकतील, ते दाखवते. पाठांतराचे ओझे त्यामुळे हलके झाले, यात शंका नाही. परंतु ती यादी बहुधा वर्णानुक्रमाने लावलेली असे. पडद्यावर मजकूर भरण्याच्या एका साध्या चौकोनासाठीदेखील कधी कधी शंभराहून अधिक नावे पुढे येत, आणि रोजच्या उपयोगाची त्यांत बोटांवर मोजण्याइतकीच!

मग या मदतनिसाला शहाणे कसे करावे? याची उत्तरे दोन दिशांनी आली. स्वित्झर्लंडमधील लुगानो येथील संशोधक रोब्स व लान्झा यांनी २००८ साली लिहिणाऱ्याच्या सवयीकडे लक्ष दिले. माणसाने नुकतेच जे लिहिले वा बदलले, तेच त्याला पुन्हा लागण्याचा संभव अधिक. म्हणून ती नावे यादीत वर आणावीत. दुसऱ्याच वर्षी जर्मनीतील डार्मश्टाट येथे ब्रुख, मोनपेरुस व मेझिनी यांनी इतरांनी आधी लिहिलेल्या प्रोग्रॅमांचा आधार घेतला. आपण ज्या ठिकाणी लिहीत आहोत, त्याच्याशी सर्वाधिक जुळणारी जुनी उदाहरणे शोधावयाची, तेथे पुढे काय लिहिले होते ते मोजावयाचे, आणि जे वारंवार आढळले ते प्रथम सुचवावयाचे, अशी त्यांची रीत होती.

हे साधते याचे कारण मोठे उद्बोधक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले की, प्रोग्रॅमांत पुनरुक्ती फार असते. इंग्रजी गद्यात पुढचा शब्द ओळखावा त्याहून प्रोग्रॅममधील पुढचा शब्द ओळखणे सोपे जाते. पुढे २०१८ साली मायक्रोसॉफ्टने सार्वजनिक प्रोग्रॅमांवरून शिकलेले ‘इंटेलिकोड’ जाहीर केले, आणि २०२१ साली आलेले ‘गिटहब कोपायलट’ तर एका नावावर न थांबता ओळीच्या ओळी सुचवू लागले.

येथवर सारे कौतुकाचे झाले. परंतु वाचकहो, ज्या घरात भाजीत मीठ नेहमीच जास्त पडते, त्या घरात वाढलेली मुलगी मिठाची मूठही तशीच भरणार, नाही का? यंत्राचेही तसेच आहे. जे पुष्कळांनी केले ते त्याला ठाऊक असते. जे योग्य ते त्याला ठाऊक असतेच असे नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली कोपायलटची कसोटी घेतली. ८९ निरनिराळ्या प्रसंगांत त्याच्याकडून १,६८९ प्रोग्रॅम लिहवून घेतले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ४० टक्के प्रोग्रॅमांत सुरक्षिततेचे दोष निघाले.

अशा दोषाचे एक उदाहरण पाहा. अर्जात कोणी नाव लिहिले की ते जसेच्या तसे माहितीसंचाला द्यावयाच्या आज्ञेत चिकटवून टाकण्याची एक जुनी खोड आहे. एखाद्या लबाडाने नावाच्या जागी आज्ञाच लिहिली, तर यंत्र तीही निमूटपणे पाळते, आणि इतरांची खाजगी माहिती त्याच्या हाती पडते. ती माहिती आपल्या बँकेच्या खात्याची असू शकते किंवा रुग्णालयातील कागदपत्रांची. ही खोड जुन्या लिखाणात जागोजागी आढळते. मग त्यावरून शिकणाऱ्याच्या अंगीही ती का येऊ नये?

म्हणून घरातील जो मुलगा वा मुलगी हे शास्त्र शिकत असेल, त्यांना मदतनिसाचा त्याग करा असे सांगू नका. सांगूनही ते ऐकणार नाहीत! एवढेच सुचवा की, आरंभी काही काळ स्वतःच्या हाताने लिहावे. पुढे सूचना स्वीकारण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: ही ओळ काय करते, हे मला दुसऱ्याला समजावून सांगता येईल काय? बाहेरून आलेल्या मजकुरावर ती आंधळा विश्वास टाकते काय? आणि ती चुकली तर कोणाचे नुकसान होईल? उत्तर सापडेपर्यंत बोट आवरावे.

हिंगाची डबी मुलीने पुढे केली, तरी चिमूट किती घ्यावयाची हे आईच ठरवते. पदार्थ बिघडला तर घरची मंडळी डबीला दोष देत नाहीत.