सुया मोफत वाटल्या म्हणून एचआयव्ही वाढला? एका गाजलेल्या अभ्यासाचा उलटा लावलेला अर्थ

जुलै २०२४ मध्ये एक बातमी तुमच्याही व्हॉट्सॲपवर आली असेल: त्रिपुरात ८२८ विद्यार्थ्यांना एचआयव्ही, ४७ जणांचा मृत्यू. इंजेक्शनने घेतल्या जाणाऱ्या ड्रग्जमुळे हे घडल्याचं सांगितलं जात होतं. अनेकांना वाटलं, सगळं एकाच वर्षात झालं. नंतर खुलासा आला, की हे आकडे एप्रिल २००७ ते मे २०२४ या १७ वर्षांचे आहेत.

ड्रग्ज आणि एचआयव्हीच्या आकड्यांचा असा घोळ नवा नाही. याच विषयावरच्या एका शोधनिबंधाचा तर थेट उलटा अर्थ लावला गेला होता.

अभ्यास काय होता?

स्टेफनी स्ट्रॅथडी या कॅनेडियन साथरोगतज्ज्ञ आहेत आणि सध्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमध्ये संशोधन करतात. १९९७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'एड्स' या जर्नलमध्ये व्हँकुव्हर शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला.

एकच सुई अनेकांनी वापरली की रक्तातून एचआयव्ही पसरतो. म्हणून व्हँकुव्हरमध्ये १९८८ पासून वापरलेली सुई देऊन नवी घेण्याची सोय होती. वर्षाला २० लाखांहून जास्त सुया दिल्या जात होत्या. तरीही अभ्यासातल्या १,००६ जणांपैकी २३ टक्के एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले. त्यातही, केंद्रावर वारंवार जाणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण जास्त दिसलं.

मग गोंधळ कुठे झाला?

सुया वाटपाच्या विरोधकांनी हाच मुद्दा उचलला. 'सुया वाटल्यानेच एचआयव्ही वाढतो' असा प्रचार अमेरिकेत सुरू झाला. एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री डोना शलेला यांनी जाहीर केलं, की अशा केंद्रांमुळे एचआयव्ही कमी होतो आणि ड्रग्जचा वापर वाढत नाही. तरीही केंद्र सरकारच्या निधीवरची बंदी कायम राहिली.

वास्तविक व्हँकुव्हरच्या अभ्यासाचा निष्कर्ष साधा होता: सुया देणं अत्यावश्यक आहे, पण तेवढंच पुरेसं नाही. सोबत समुपदेशन, आधार आणि माहितीही हवी.

केंद्रावर जाणाऱ्यांमध्ये एचआयव्ही जास्त का?

डायलिसिस सेंटरमध्ये किडनीचे रुग्ण जास्त दिसतात. म्हणून सेंटरमुळे किडनी खराब होते, असं आपण म्हणत नाही. इथेही तसंच होतं. ज्यांना धोका सर्वात जास्त, तेच केंद्रावर जास्त येत होते. अनेकांना राहायला पक्की जागा नव्हती. त्यातले बरेच जण कोकेन टोचून घ्यायचे. कोकेनचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे दिवसातून अनेकदा इंजेक्शन घेतलं जातं आणि सुयाही तेवढ्याच जास्त लागतात. १९९९ मध्ये याच गटाने पुन्हा तपासणी केली. सुया वाटपामुळे एचआयव्ही पसरल्याचा पुरावा मिळाला नाही.

सुई मिळूनही माणूस जवळ का ठेवत नाही?

याचं उत्तर स्ट्रॅथडी यांच्या मेक्सिकोतल्या कामात सापडतं. तिथे सिरिंज विकत घेणं कायदेशीर आहे. पण तिहुआना आणि सिउदाद हुआरेझ या सीमेवरच्या शहरांत सिरिंज जवळ बाळगली म्हणून पोलीस लोकांना पकडत होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की ज्यांना अशी अटक झाली होती, त्यांच्यात दुसऱ्याची वापरलेली सुई घेण्याचं प्रमाण जास्त होतं. पोलिसांच्या भीतीने माणूस स्वतःची सुई जवळ ठेवत नाही आणि वेळ आली की दुसऱ्याची वापरतो. पुढे या संशोधकांनी तिहुआनातल्या पोलिसांसाठीच प्रशिक्षण सुरू केलं.

भारताचं काय?

आपल्याकडे प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. इंजेक्शनने ड्रग्ज घेणाऱ्यांमध्ये मात्र २०२१ च्या सरकारी पाहणीत ते ९.०३ टक्के निघालं. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, या लोकांपर्यंत स्वच्छ सुया आणि पर्यायी औषधोपचार पोहोचवते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम २२ नुसार अशा प्रतिबंधक उपायांना गुन्हा मानता येत नाही. पण एनडीपीएस कायद्यानुसार ड्रग्ज घेणं हा गुन्हाच आहे. त्यामुळे सुई घ्यायला येणाऱ्याच्या मनात पोलिसांची भीती राहतेच.

निधी थांबला, तर काय होतं?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सुया वाटपावर कायद्याने निर्बंध होते. २०१५ मध्ये तिथल्या स्कॉट काउंटी या ग्रामीण भागात १८१ जणांना एचआयव्ही झाल्याचं आढळलं. बहुतेक जण इंजेक्शनने ड्रग्ज घेणारे होते. साथ आल्यावर राज्याला घाईघाईने सुया वाटपाला परवानगी द्यावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकन संसदेने निधीवरची बंदीही काही अंशी उठवली. पण सरकारी पैशातून सुई विकत घ्यायला मनाई तशीच राहिली.

त्यामुळे 'अमुक इतक्या जणांना एचआयव्ही' असा आकडा फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी बघा. तो किती वर्षांचा आहे, कोणत्या गटाचा आहे आणि दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीला दुसरीचं कारण ठरवलंय का? चुकीच्या आकड्याने नुसती भीती पसरत नाही. त्या भीतीपोटी केंद्रं बंद पडली, तर आजार वाढतो.