खेळासाठी मेमरी किती हवी?

गेम खेळायला कॉम्प्युटरमध्ये १६ जीबी रॅमच पाहिजे असं दादा म्हणतो. माझ्या मते ८ पुरे. आम्हांला माइनक्राफ्टच तर खेळायचाय!

हार्डडिस्क म्हणजे पिठाचा डबा अन् रॅम म्हणजे काठवट. काठवट लहान असली की आई सारखी डब्याकडे उठणार, भाकरी थांबणार. गेमपण तसाच अडकतो. विंडोज ११ लाच किमान ४ जीबी लागते, म्हणून ४ मध्ये भागत नाही. पण १९८५ साली सुपर मारिओ आला, त्या यंत्राची मुख्य रॅम फक्त २ केबी होती!

बाबा ज्वारी विकून कॉम्प्युटर घेणार आहेत. १६ घेतली तर बियाण्याच्या पैशाला हात लागेल. पालकांनो, दुकानात विचारा, रॅमची एक जागा मोकळी आहे का? असली तर पुढच्या सुगीला वाढवता येते.