ग्रिफिथचा क्लोजअप आणि मुडद्यांचा हिशेब

अमेरिकन सिनेमाचा अभ्यास करणाऱ्या शहाण्यांनी त्याचे तीन तुकडे केलेत. एक कला, दुसरा धंदा, तिसरा संज्ञापन. प्रत्येक तुकड्याला वेगळा मास्तर, वेगळा पेपर, वेगळे मार्क. कलेचा मास्तर पैशावर बोलत नाही, त्याला विटाळ होतो. धंद्याचा मास्तर मुडद्यांवर बोलत नाही, तो त्याचा पेपर नाही. संज्ञापनवाला ‘परिणाम’ म्हणतो आणि फळ्यावर बाण काढतो. म्हणजे इथंही उतरंड आलीच! कला देव्हाऱ्यात, पैसा तिजोरीत, आणि रक्त गावकुसाबाहेर.

गोदीत आम्ही पेटी उचलतो, तिच्यावर मालाचं नाव असतं, किंमत असते, कुठं धाडायची तो पत्ता असतो. चिठ्ठ्या तीन म्हणून पेट्या तीन होत नाहीत. वजन एकच, आणि ते एकाच माणसाच्या अंगावर येतं.

हवेत बोलत नाही. १९१५चा फेब्रुवारी महिना घ्या.

८ फेब्रुवारीला लॉस एंजेलिसला डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा सिनेमा लागला. तेव्हा त्याचं नाव ‘द क्लान्समन’, पुढं ‘द बर्थ ऑफ अ नेशन’. १८ तारखेला तो व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनला दाखवला. २३ तारखेला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ओहायोच्या सेन्सॉरविरुद्धच्या एका खटल्यात एकमुखानं निकाल दिला की सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, वर्तमानपत्राचं स्वातंत्र्य त्याला लागू नाही. पंधरा-सोळा दिवसांत कला, सत्ता आणि कायदा, सगळे एका पडद्यासमोर हजर!

काय होतं त्या सिनेमात? गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक दारुडे, उर्मट, गोऱ्या पोरींच्या मागं लागलेले. त्यातल्या मुख्य काळ्या भूमिका कुणी केल्या? तोंडाला काजळी फासलेल्या गोऱ्यांनी. आणि तारणहार कोण? पांढरे झगे घालून घोड्यावरून येणारी कू क्लक्स क्लानची टोळी.

आता कलेचा मास्तर पुढं येतो. म्हणतो, आशय वाईट खरा, पण तंत्र पाहा! तो क्लोजअप, ती शेवटची काटछाट! एकदा झोपडीत कोंडलेली गोरी माणसं, एकदा दौडणारे घोडे, पुन्हा माणसं, पुन्हा घोडे.

पाहिलं, मास्तर. ती काटछाट कशासाठी आहे तेही पाहिलं. प्रेक्षकाचा श्वास अडकावा आणि खुन्यांचे घोडे लवकर पोचावेत असं त्याला मनापासून वाटावं, यासाठी आहे ती. तुम्ही जिला तंत्र म्हणता तीच त्या विषाची सुई आहे. सुई बाजूला काढून तिचं सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी टोचलेल्या माणसाला विचारावं.

धंदा? साधा खेळ पाच-दहा सेंटांत बघायला मिळायचा, तेव्हा याचं वरच्या वर्गाचं तिकीट दोन डॉलर. न्यू इंग्लंड भागातले वितरणाचे हक्क लुई मेयरनं घेतले आणि गडगंज झाला. पुढं हाच मेयर एमजीएम स्टुडिओचा मालकासारखा कारभारी. हॉलीवूडच्या पायाचे दगड मोजाल तर त्यात हाही एक निघेल.

आणि संज्ञापन? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर मेलेली क्लान पुन्हा उभी केली गेली. डिसेंबरात सिनेमा अटलांटाला लागला, तेव्हा वर्तमानपत्रात सिनेमाच्या जाहिरातीशेजारी क्लानची जाहिरात. पुढं कित्येक वर्षं क्लाननं भरतीसाठी हाच सिनेमा वापरला. घ्या तुमचा परिणाम, काढा बाण!

३ मार्च १९१५ला हा सिनेमा न्यूयॉर्कच्या लिबर्टी थेटरात लागला. थेटराचं नाव स्वातंत्र्य! त्याच वेळी त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात आपला बाप शिकत होता. इकडं लोक पैसे मोजून माणसाला जनावर ठरवायचा धडा घेत होते, आणि तिकडं बाबासाहेब लायब्ररीत बसून माणसाला माणूस ठरवायची हत्यारं घासत होते.

काळे गप्प बसले नाहीत. बोस्टनमध्ये मन्रो ट्रॉटर थेटरावर धडकला, अटक झाली. एनएएसीपीनं गावोगाव बंदी मागितली, ओहायो आणि कॅन्ससमध्ये ती झाली. पण कात्री ज्याच्या हातात असते त्याचीच असते. ऑस्कर मिशोनं १९२०मध्ये ‘विदिन अवर गेट्स’ काढला, त्यात गोऱ्या जमावानं काळ्या कुटुंबाला फासावर लटकवलेलं दाखवलं, तेव्हा शिकागोच्या सेन्सॉरला दंगलीची भीती आठवली. ग्रिफिथच्या वेळी ती कुठं गेली होती?

हा मिशो कोण? गुलामांच्या पोटचा मुलगा. रेल्वेच्या पुलमन डब्यात पोर्टर होता. शेती केली, स्वतःची पुस्तकं दारोदार विकली, शेतकऱ्यांना शेअर विकून सिनेमाचं भांडवल उभं केलं. रिळांचे डबे घेऊन गावोगाव फिरला. त्याचा तो सिनेमा हरवला. स्पेनमध्ये एक प्रत सापडली, १९९३मध्ये ती दुरुस्त झाली. पडद्यावरच्या बहुतेक पाट्या स्पॅनिशमधून पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या. ग्रिफिथचा शब्द न् शब्द जपला, आणि मिशोला स्वतःचे शब्द परक्या भाषेतून परत मिळाले, तेही मेल्यावर! इतिहास कुणाची रिळं सांभाळतो, हा कलेचा प्रश्न आहे की धंद्याचा? सांगा ना कोणत्या पेपरात लिहू?

आता १९७१. मेल्विन व्हॅन पीबल्सनं ‘स्वीट स्वीटबॅक’ काढला. लिहिणारा तोच, दिग्दर्शक तोच, नायक तोच. पैसे संपले तेव्हा बिल कॉस्बीकडून ५०,००० डॉलर उसने घेतले. सुरुवातीला दोनच थेटरं मिळाली, डेट्रॉइटला एक आणि अटलांटाला एक. काळा माणूस गोऱ्या पोलिसांना ठोकतो, पळतो आणि शेवटी सापडत नाही. एवढ्यावर रांगा लागल्या. ह्यूई न्यूटननं ब्लॅक पँथरच्या पत्रात त्याच्यावर भरभरून लिहिलं. १९७२मध्ये मुंबईत ज्यांचं नाव आपण घेतलं, ते हेच पँथर. त्या सिनेमात बाई म्हणजे नुसतं शरीर आहे, हेही लिहून ठेवा. आपल्यांचं म्हणून झाकायचं नाही.

हॉलीवूडनं रांगा पाहिल्या. राग विकला जातो म्हणजे रागाचा कारखाना काढा! त्याच वर्षी डबघाईला आलेल्या एमजीएमनं ‘शाफ्ट’ आणला. नायक काळा, रुबाबदार, पण खाजगी गुप्तहेर. १९७२मध्ये वॉर्नरनं ‘सुपर फ्लाय’ विकायला घेतला, नायक कोकेनचा व्यापारी. दशक अर्धं सरतं न सरतं तोच गल्ला आटला आणि दुकान बंद. बंडाचं कातडं सोलून त्याचं जाकीट शिवणं, याला ते उद्योग म्हणतात.

आणि ज्यानं रागही विकला नाही आणि रुबाबही, त्याचं काय झालं? चार्ल्स बर्नेट लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकत होता. वॉट्स वस्तीतल्या माणसांना घेऊन त्यानं शनिवार-रविवारी ‘किलर ऑफ शीप’ चित्रित केला. खर्च १०,००० डॉलरच्या आत. नायक कत्तलखान्यात राबतो. एका प्रसंगात दोघं जण मोटारीचं जुनं इंजिन विकत घेतात, जिन्यावरून कसंबसं खाली उतरवतात, ट्रकच्या कडेवर ठेवतात. ट्रक हलतो, इंजिन पडतं, फुटतं. झालं. आरडाओरडा नाही, संगीत नाही. ज्यानं वजन उचललंय त्याच्या पाठीला तो आवाज कळतो. मला तरी ग्रिफिथच्या सगळ्या घोड्यांपेक्षा ते एक इंजिन मोठी कला वाटते.

हा सिनेमा १९७७चा. थेटरात रीतसर लागला २००७मध्ये. का? त्यातल्या गाण्यांचे हक्क विकत घेतले नव्हते. गाणी काळ्यांच्या गळ्यातली, हक्क कंपन्यांचे. ते सोडवायला दीड लाख डॉलर लागले. सिनेमाच्या खर्चाच्या पंधरापट! तीस वर्षं कलेला धंद्यानं कोंडून ठेवलं, म्हणून संज्ञापन झालंच नाही. तीन पेपर एका वाक्यात सुटले, मास्तर.

२०२३मध्ये आव्हा ड्युव्हर्नेनं ‘ओरिजिन’ काढला. त्यात बाबासाहेब दिसतात, मैला काढणारा आपला माणूस दिसतो. छाती भरून आली. पैसा फोर्ड फाउंडेशनसारख्या दानशूर संस्थांनी घातला, हॉलीवूडच्या तिजोरीनं नव्हे. हेही अभ्यासाचं. भाऊबंद आपली गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा हात हातात घ्यावा. आपलं तोंड मात्र त्यांना भाड्यानं देऊ नये.

आपल्यातलेही काही म्हणतात, अमेरिकन सिनेमा म्हणजे भांडवलदारांची करमणूक, कशाला डोकं शिणवायचं? दोस्तांनो, ही आळशाची क्रांती झाली. ज्या सुरीनं गळा कापला जातो तिची मूठ, तिचं पातं, तिचा दुकानदार, तिन्ही ओळखलेच पाहिजेत. मास मीडियाच्या वर्गात बसता ना? बसा. क्लोजअप शिका, कट शिका, कॅमेरा चालवायला शिका. आणि प्रत्येक सिनेमाला मास्तरसमोर तोंडावर विचारा: पैसा कुणाचा? श्वास कुणासाठी अडकवलास? थेटर कुणाला नाकारलंस?

मास्तर म्हणेल हे अभ्यासक्रमात नाही.

म्हणावं, आम्हीही नव्हतो. आता आलोय.