स्वस्तातला ड्रोन

घरी ड्रोन बनवतोय असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तयार मिळतो ना, मग कशाला?" दुसरा, "केवढ्याला पडला?" आणि या दुसऱ्याचं खरं उत्तर दिलं की पहिला प्रश्न पुन्हा येतो. :)

तर मंडळी, हिशोब आधीच सांगून टाकतो. साडेचारशे मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा सांगाडा, चार ब्रशलेस मोटारी, प्रत्येकीचा वेग सांभाळणारं एकेक सर्किट, लायपो बॅटरी, चार्जर, जीपीएस, रिमोट आणि या सगळ्यांचा मेंदू म्हणजे फ्लाइट कंट्रोलर. सगळं मिळून मला पंचवीस हजारांच्या आसपास पडलं. मोडलेल्या पात्यांचा खर्च वेगळा, तो मी घरात सांगत नाही. म्हणजे 'स्वस्तात घरी बनवा' हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते फारसं खरं नाही. 'स्वदेशी' म्हणावं तर तेही अर्धवटच. तयार परदेशी ड्रोन आयात करायला भारतात फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे (संशोधन आणि संरक्षणाचे अपवाद सोडून), पण सुट्या भागांना मोकळीक आहे, आणि माझ्या टेबलावरचे बहुतेक भाग चीनमधूनच आलेले आहेत.

मग कशाला? तर त्यातली आज्ञावली उघडी आहे म्हणून.

माझ्या ड्रोनवर आर्डुपायलट चालतं. त्याची गोष्ट मला फार आवडते. २००७ साली मेक्सिकोहून आलेला जॉर्डी मुन्योस नावाचा तरुण कॅलिफोर्नियात ग्रीन कार्डची वाट बघत बसला होता. नोकरी करता येत नव्हती, कॉलेजही नाही. त्याने निन्टेन्डो वी या खेळाच्या कंट्रोलरमधले सेन्सर काढले, आर्डुइनोला जोडले आणि रिमोटचं हेलिकॉप्टर स्थिर उडवून दाखवलं. 'वायर्ड'चे तेव्हाचे संपादक ख्रिस अँडरसन यांनी ते पाहून त्याला ५०० डॉलर पाठवले आणि २००९ मध्ये दोघांनी मिळून थ्रीडी रोबोटिक्स ही कंपनी काढली. पुढे २०१६ मध्ये कंपनीने ग्राहकांसाठी ड्रोन बनवणं थांबवलं. बंद आज्ञावली असती तर तीही तिथेच संपली असती. पण ती जीपीएल परवान्याखाली होती, त्यामुळे कंपनी बाजूला झाली तरी जगभरची माणसं तिच्यावर काम करतच राहिली. आज ती माझ्या ड्रोनमध्ये आहे.

आणि उघडी म्हणजे नुसती फुकट नव्हे. शेजारचा नववीतला मुलगा विचारतो, "काका, वाऱ्याने कललं की ते सरळ कसं होतं?" तर मला ती ओळ काढून दाखवता येते. जितका कलला तितका जोर उलट बाजूला लावायचा, हा झाला पी. बराच वेळ जरासा कललेलाच राहतोय, मग जोर हळूहळू वाढवायचा, हा आय. आणि सरळ होताना फार वेगाने येतोय असं दिसलं की आधीच हात आखडता घ्यायचा, हा डी. नवी सायकल शिकताना आपण तिन्ही करतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नसतं. हे गणित दर सेकंदाला शेकडो वेळा होतं. त्या मुलाने डीचा आकडा शून्य केला आणि दोरीला बांधलेला ड्रोन कसा झोके खातो ते स्वतः पाहिलं. असं शिकणं पाठ्यपुस्तकात कुठे मिळणार?

आता नको असलेला विषय. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमधून लपवून नेलेले ११७ ड्रोन रशियाच्या विमानतळांवर सोडले, आणि त्यांत हीच आज्ञावली असल्याच्या बातम्या आल्या. एक मित्र म्हणाला, तू मुलांना बॉम्ब बनवायला शिकवतोस. 'चाकूने भाजीही चिरता येते' हे ठरीव उत्तर मला स्वतःला पटत नाही, कारण जीपीएलमध्ये अमुक कामाला वापरू नका अशी अट घालताच येत नाही. आर्डुपायलटच्या विकसकांनी शस्त्रांसाठी जाणूनबुजून मदत करणार नाही असा नियम स्वतःला घातला आहे. तो त्यांच्यापुरताच, हेही खरं. तरी माझं मत असं की आज ती बंद केली तर सैन्यांचं काही अडणार नाही, अडेल ते शाळांचं.

शिवाय माहिती नसली की काय होतं ते आपण पाहिलंय. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांत रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्यांनी लोक घाबरून जागत होते. नक्की काय होतं यात मी पडत नाही. पण एकदा ड्रोन बनवलेल्या माणसाला एवढं तरी ठाऊक असतं की अशा छोट्या ड्रोनची बॅटरी पंधरा मिनिटांत बसते, तो रात्रभर कुणाच्या छपरावर घिरट्या घालू शकत नाही. याच जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे आणि २००२ पासून तिथे फॅब लॅबही आहे. अशी लॅब तालुक्यातालुक्यात हवी होती. असो.

माझी खरी तक्रार नियमांबद्दल आहे. २०२१ चे ड्रोन नियम तसे आधीच्यापेक्षा पुष्कळ सुटसुटीत आहेत. दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो आणि वेगळ्या परवानगीशिवाय फक्त हिरव्या पट्ट्यातच उडवता येतो. इथपर्यंत सगळं रास्त आहे. पण संशोधनासाठीच्या सवलती शिक्षणसंस्था, मान्यताप्राप्त स्टार्टअप आणि जीएसटी क्रमांक असलेल्या उत्पादकांना आहेत. घरात बसून खटपट करणारा माणूस त्या यादीत नाही. मुन्योस आज पुण्यात असता तर तोही नसता! वर शहरात पोलिसांचे बंदीचे आदेश अधूनमधून निघतात ते वेगळेच. सुरक्षेची काळजी मला समजते, चार पाती फिरताना बोट मध्ये आलं तर काय होईल हे रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून टेबलावर तपासताना मी पाती काढूनच ठेवतो. पण मग हौशी लोकांसाठी जाळी लावलेलं एखादं मैदान तरी द्या. महापालिकेकडे क्रिकेटच्या सरावाच्या जाळ्या असतातच, आठवड्यातून एक सकाळ तिथे दिली तरी भागेल. पुण्याच्या आसपास अशी परवानगी कुणी मिळवली असेल तर जरूर कळवा, अर्ज कुणाच्या नावे करायचा तेही सांगा.