घरी सोडताना मराठीत लिहून घ्या

टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढलेल्या लेकराला दवाखाना लवकर घरी सोडतो. घसा मात्र १० ते १४ दिवस दुखतो. आयांनो, घशातला पांढरा थर म्हणजे पू नव्हे, जखम भरत असल्याची ती खूण आहे. दुखते म्हणून पाणी तोडू नका, घोट-घोट पाजत राहा. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वेळेवर द्या. ॲस्पिरिन देऊ नका. साधारण ५ ते १० दिवसांत खपली सुटते. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

हे डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत असून काय उपयोग? समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, मेहरबानी नव्हे. मराठीत लिहून मागा.