शाईचे पेन घेताना

जूनमध्ये शाळा सुरू झाली की मुलांना शाईचे पेन हवे असते. टिटवाळ्यात घ्या की कल्याणला, सारख्याच दिसणारी, सारख्याच किमतीची चार-पाच पेने दुकानदार पुढ्यात टाकतो. रंगावर जाऊ नका. शाई कशी भरायची, ते आधी विचारा.

ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई पुष्कळ मावते. पण ती कमी झाली की आतली हवा हाताच्या उबेने फुगते अन् थेंब वहीवर पडतो. असे पेन निम्मे रिकामे होताच भरावे. नळी दाबून शाई ओढणाऱ्या पेनात शाई थोडी मावते, पण लहानग्यांच्या हाती तेच बरे. चिनी हीरो ६१६ याच जातीचे. त्याची निब झाकलेली, म्हणून लवकर सुकत नाही. कार्ट्रिजचे पेन सोयीचे खरे, पण कार्ट्रिजचा खर्च पुन्हापुन्हा.

आता निब. मुलाची वही सोबत न्या. गुळगुळीत कागदावर कुठलेही पेन छान चालते. ‘क्ष’, ‘ज्ञ’ लिहा, वर लांब शिरोरेघ ओढा. रेघ तुटली किंवा कागद ओरबाडला, तर त्याच जातीचे दुसरे मागा. दोन निबा कधी सारख्या नसतात. निब खरखरीत असली की मूल पेन दाबून धरते, बोटे दुखतात, अक्षर बिघडते. वर्गात मी हे नेहमी पाहते, आणि बोलणी मात्र मुलाला बसतात!

चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई पेनात कधीही भरू नका, पेन तुंबते. महिन्यातून एकदा साध्या गार पाण्याने धुतले, की स्वस्तातले पेनही वर्षानुवर्षे चालते.